लोय क्रथोंग पाहायला थायलंडमध्ये नेमकं कुठे जावं: बँकॉक, चियांग माई की सुखोथाई?

एकच ठिकाण निवडायचं तर चियांग माई, कारण तिथे नदीत दिवे सोडण्याचा लोय क्रथोंग आणि आकाशकंदिलांचा यी पेंग हे दोन्ही सण एकत्र येतात. हे सण थाई चांद्र पंचांगातल्या बाराव्या महिन्याच्या पौर्णिमेला येतात, आणि ती बहुतेक वर्षी आपल्या त्रिपुरी पौर्णिमेच्याच आसपास, नोव्हेंबरात असते. तरी विमानाचं तिकीट काढण्याआधी त्या वर्षीची थाई तारीख बघाच.

क्रथोंग, म्हणजे पाण्यात सोडायचा दिवा, चियांग माईच्या पिंग नदीच्या घाटांवर विकत मिळतो: केळीच्या खांबाची चकती, भोवती दुमडलेली केळीची पानं, झेंडू, मेणबत्ती, तीन उदबत्त्या. थर्माकोलचा अजिबात घेऊ नका, तो नदीत तसाच राहतो. पाण्याशी वाकून अलगद ठेवायचा. वरून टाकला की कलंडतो आणि मेणबत्ती विझते.

कंदील मात्र शहरात हवे तिथे सोडता येत नाहीत. हजारो कंदील एकदम उडतानाचे जे फोटो दिसतात, ते बहुतेक शहराबाहेरच्या तिकीट असलेल्या कार्यक्रमांचे, आणि ती तिकिटं महागही असतात. कंदील गरम हवेने पुरता फुगून हाताला वर ओढू लागेपर्यंत सोडू नका, नाहीतर झाडात किंवा तारांत अडकून पेटतो. त्या संध्याकाळी विमानं रद्द होतात किंवा वेळा बदलतात, म्हणून रात्रीचं विमान टाळा.

जुन्या मंदिरांच्या भग्नावशेषांत दिव्यांची रोषणाई बघायची असेल, तर सुखोथाई. फक्त मुक्काम जुन्या शहराजवळ घ्या. नवं शहर तिथून सुमारे 12 किलोमीटर लांब आहे.