स्टेंट पित्तनलिकेत, दुखणं पित्ताशयाचं

प्रश्न : वडिलांना स्वादुपिंडाच्या डोक्याशी कॅन्सरची गाठ आहे. कावीळ उतरावी म्हणून ईआरसीपी करून (तोंडातून दुर्बीण पित्तनलिकेच्या तोंडापर्यंत नेऊन) धातूचा, आवरण असलेला स्टेंट, म्हणजे गाठीने दाबलेली पित्तनलिका उघडी धरणारी जाळीची नळी, टाकला. कावीळ उतरू लागली, पण आठवड्याच्या आत ताप आला आणि उजव्या बरगडीखाली दुखू लागलं. पित्ताशयाला सूज आहे म्हणतात. स्टेंट चुकीच्या जागी बसला का?

उत्तर : तसं असेलच असं नाही. पित्ताशयाची बारीक नळी मुख्य पित्तनलिकेला बाजूने येऊन मिळते. पित्त आत जायला आणि बाहेर यायला हा एकच रस्ता. १० मिलिमीटरचा स्टेंट फुलला की त्याचं आवरण किंवा दाबलेली गाठ ते तोंड बंद करू शकते. पित्त आत तुंबतं, त्यात जंतू वाढतात. बहुतेक अहवालांत हे प्रमाण शंभरात दहाच्या आतच आहे, पण ज्याला होतं त्याची केमोथेरपी लांबते, म्हणून ते किरकोळ मानू नये. अँटिबायोटिक्सनी उतार पडला नाही, तर सोनोग्राफीखाली यकृतातून नळी घालून पित्ताशय रिकामं करतात. काही केंद्रांत हेच काम एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंडने, म्हणजे दुर्बिणीच्या टोकावरच्या सोनोग्राफीने, पोटाच्या आतून होतं.

प्रश्न : मग आवरण नसलेला स्टेंट टाकला असता तर हे टळलं असतं?

उत्तर : खात्री नाही. उघड्या जाळीतून पित्त बाजूने वाहू शकतं, हे खरं. पण तुलनात्मक चाचण्यांत दोन्ही प्रकारांत पित्ताशयाच्या सुजेचा ठळक फरक दिसलेला नाही. जास्त फरक दोन गोष्टींनी पडतो : गाठ त्या बारीक नळीच्या तोंडापर्यंत पोचली आहे का, आणि पित्ताशयात खडे आहेत का. स्टेंट निवडण्याआधी सीटी किंवा एमआरसीपीवर (पित्तनलिकांच्या एमआरआयवर) हे दोन्ही बघितलंच पाहिजे, यावर मी ठाम आहे. उघड्या जाळीचा तोटाही आहे. गाठ जाळीतून आत वाढते आणि तो स्टेंट नंतर सहसा काढता येत नाही.

प्रश्न : मी बायोमेडिकल इंजिनीअरिंगला आहे. आवरणाला छिद्रं पाडली तर प्रश्न सुटणार नाही का?

उत्तर : नेमका हाच विचार झाला आहे आणि बाजूला छिद्रं असलेले आवरणयुक्त स्टेंट वापरातही आहेत. काहींत छिद्रं वरच्या टोकाजवळच असतात, काहींत पूर्ण लांबीवर. छिद्रांत थोडी पेशीवाढ होऊन स्टेंट जागेवर धरला जातो आणि घसरणं कमी होतं, हा आणखी एक फायदा. पण छिद्र मोठं केलं तर गाठ आत शिरते आणि लहान केलं तर गाळाने बुजतं. या दोन टोकांमधलं माप शोधणं हेच खरं डिझाइन.

तुम्ही आवरणापलीकडेही बघा, अशी माझी मनापासून सूचना आहे. निटिनॉलचा (निकेल आणि टायटॅनियमच्या लवचीक मिश्रधातूचा) स्टेंट हातात घेऊन हलकेच वाकवा आणि सोडा. काही पटकन सरळ होतात, काही वाकलेलेच राहतात. हे सरळ होऊ पाहणारं बळ नळीच्या भिंतीवर टोकाशी दाब देतं, वळण ताणतं आणि पित्ताशयाच्या नळीचं तोंड दाबू शकतं. नळी उघडी धरायला बाहेरच्या दिशेचं बळ हवंच, पण सरळ होण्याचं कमी हवं. ते तारा एकमेकींत कशा गुंफल्या आहेत यावर बरंच ठरतं. विणलेला स्टेंट फुलताना आखूडही होतो, त्यामुळे वरचं टोक नेमकं कुठे येणार याचा अंदाज चुकू शकतो. गाठ खाली असेल, तर आखूड स्टेंट निवडून ते टोक पित्ताशयाच्या नळीच्या तोंडाखालीच ठेवणं, हा साधा उपाय आजही चांगला आहे.

प्रश्न : माझं पित्ताशय पूर्वीच काढलं आहे. मला हा धोका आहे?

उत्तर : पित्ताशयाच्या सुजेचा नाही. पण स्टेंट बुजून पित्तनलिकेत जंतुसंसर्ग होऊ शकतो. थंडी वाजून ताप आला, डोळे पुन्हा पिवळे झाले किंवा लघवी गडद झाली, तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. जाताना स्टेंटचा प्रकार, लांबी आणि टाकल्याची तारीख असलेला कागद सोबत ठेवा. रात्री ड्यूटीवरच्या डॉक्टरांना तो लागतो.