पीएचडीचा अर्ज करण्याआधी

‘कोकणातील मासेमारी’ हा विषय नव्हे, नुसता आवाका आहे. मुलाखतीत पहिलंच विचारतील, नेमकं मोजणार काय? त्यापेक्षा ‘हर्णै बंदरातल्या गिलनेट आणि ट्रॉलर बोटींचा दर फेरीचा डिझेलखर्च आणि लिलावाची रक्कम’ असं लिही. (गिलनेट म्हणजे पाण्यात उभं सोडून मासा अडकवणारं जाळं, ट्रॉलर म्हणजे जाळं ओढत नेणारी बोट.)

धक्क्यावर भेटेल त्याला विचारत सुटलं, तर जास्त फेऱ्या मारणाऱ्याच बोटी नमुन्यात भरतात. डिझेलवरचा कर परत मिळवण्यासाठी मच्छीमार सोसायटीकडे बोटींची यादी असते. ती घे, बोटींचे प्रकार वेगळे कर, मग प्रत्येकातून चिठ्ठ्या टाकून निवड. बिनइंजिनाच्या होड्या त्या यादीत नसतात, हे आराखड्यात कबूल कर. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. त्या दिवसांत लिलावाची आकडेवारी गोळा करणार म्हणून लिहिलंस, तर बंदर पाहिलेलंच नाही हे उघड होतं.

आता पैसे. नेट परीक्षेतून जेआरएफ (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) मिळाली, तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे एसआरएफला (वरिष्ठ शिष्यवृत्तीला) ४२,०००, घरभाडं वेगळं. ती हुकली तर प्रवर्गानुसार बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या शिष्यवृत्त्या आहेत, पण तिथे पीएचडीची नोंदणी आधी लागते. नेटच्या ‘फक्त पीएचडी’ गटातले (म्हणजे शिष्यवृत्ती नाही, फक्त प्रवेशापुरते) गुण वर्षभरच चालतात. नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र लागत असेल तर त्याची मुदत आजच बघ.