छाटणीच्या फांद्या, भुसा आणि जुने लाकूड: काडी लावण्याआधी

या खेपेला आलेल्या प्रश्नांत लाकडाचे प्रश्न जास्त आहेत. कुणी जुनी फळबाग काढली आहे, कुणाच्या बांधावर छाटणीचा ढीग पडून आहे, कुणाला सॉ मिलचा भुसा फुकट मिळतोय. बहुतेकांना ढीग पेटवून जागा मोकळी करायची घाई आहे. थोडे थांबा.

प्रश्न: बाग काढली. खोडे, फांद्या, मुळ्या शेतातच जाळल्या तर चालेल का?

चालवू नका. उघड्यावर पेटवलेल्या ढिगाची उष्णता कुणाच्याच कामी येत नाही, लाकडातले नत्र धुराबरोबर निघून जाते आणि ढिगाखालच्या मातीतले जिवाणू भाजून निघतात. आधी सरळ खोडे वेगळी काढा. ज्यातून फळी, टेकू, खांब किंवा अवजाराचा दांडा निघेल, ते जळणाच्या ढिगात जायला नको. दांडा पुढे मोडला, की जळण म्हणून तो आहेच.

अंगठ्याएवढ्या फांद्या चिपरमधून, म्हणजे फांद्यांचे छोटे तुकडे (चिप्स) करणाऱ्या यंत्रातून, काढून झाडांखाली ७ ते १० सेंटीमीटर जाडीचे आच्छादन करा. बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी ठेवा, नाहीतर साल सतत ओली राहून कुजते. मूळकूज, खोडकूज किंवा खोडकिडा असलेले लाकूड मात्र आच्छादनात घेऊ नका. ते लवकर आणि पूर्ण जाळा. बागेतले जाळायचे लाकूड आधी हेच.

प्रश्न: शेतात भुसा मिसळला आणि पीक पिवळे पडले. भुशात विष असते का?

विष नाही, भूक आहे. वाळलेल्या भुशात निम्मा कर्ब असतो आणि नत्र जेमतेम ०.१ टक्का, म्हणजे कर्ब:नत्र गुणोत्तर ५००:१ च्या आसपास. कुजवणाऱ्या जिवाणूंना ते २५ ते ३०:१ लागते. कमी पडणारे नत्र ते मातीतून उचलतात आणि पिकाच्या तोंडचा घास जातो. आता उभ्या पिकाला नत्राचा हप्ता विभागून द्या, पिवळेपणा कमी होईल.

पुढच्या वेळी भुसा थेट जमिनीत गाडू नका, खड्ड्यात कुजवा. हिशेब सोपा आहे: १०० किलो कोरड्या भुशात सुमारे ५० किलो कर्ब. गुणोत्तर ३०:१ वर आणायला साधारण दीड किलो नत्र हवे, म्हणजे तीन किलोंहून थोडा जास्त युरिया. पण लाकडातले लिग्निन, म्हणजे लाकडाचे तंतू घट्ट बांधून ठेवणारा घटक, सावकाश कुजते, म्हणून सगळा युरिया पहिल्याच दिवशी टाकला तर बराचसा अमोनिया होऊन उडून जाईल. दोन-तीन हप्त्यांत द्या. ताजे शेण किंवा कोंबडीखत असेल तर अधिक चांगले. ओल मुठीत दाबल्यावर हात ओला होईल पण पाणी ठिबकणार नाही एवढी ठेवा आणि ढीग अधूनमधून पलटा. त्याहून सोपा मार्ग म्हणजे भुसा आधी गोठ्यात किंवा कोंबड्यांखाली गादी म्हणून वापरायचा. तिथे तो मूत्र शोषतो, त्यातले नत्र वाचते आणि खड्ड्यात येईपर्यंत अर्धे काम झालेले असते.

हाच भुसा पृष्ठभागावर पसरला तर नत्राची ओढ फक्त मातीच्या वरच्या पातळ थरात राहते, खोल मुळांना ती जाणवत नाही. बारीक भुशापेक्षा जाडसर चिप्स त्यासाठी बऱ्या, कारण भुशाचा थर दबून बसतो आणि पाणी वरूनच वाहते.

प्रश्न: भट्टीत आमचेच लाकूड जाळतो, तरी धूर फार आणि आच कमी.

लाकूड ओले आहे. ताज्या तोडीच्या लाकडात वजनाच्या निम्म्यापर्यंत पाणी असते. असे एक किलो लाकूड सुमारे १,९०० किलोकॅलरी देते. ओल २० टक्क्यांवर आलेले एक किलो लाकूड ३,४०० च्या घरात देते. म्हणजे वाळवणे हेच निम्मे काम. फोडून, जमिनीपासून उचलून, वर छप्पर आणि बाजू उघड्या अशी रचा. ओल मोजायची तर १०० ग्रॅम चुरा १०५ अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. जेवढे ग्रॅम घटले तेवढे टक्के ओल. ओल्या चिप्सचा मोठा, दाबलेला ढीग मात्र ठेवू नका. तो आतून तापतो आणि कधी स्वतःहून पेटतो.

पेलेट, म्हणजे भुसा दाबून केलेल्या जळणाच्या गोळ्या, बनवणाऱ्या यंत्राबद्दलही विचारणा आहे. पेलेटला वेगळा डिंक लागत नाही. दाब आणि उष्णतेने लाकडातले लिग्निनच मऊ होऊन चुरा धरून ठेवते. पण चुरा बारीक आणि कोरडा लागतो. वर्षभर तसा माल मिळणार नसेल, तर एकट्याने यंत्र घेऊ नये असे माझे मत आहे. गट असेल तर विचार करा.

प्रश्न: जुने खांब, रंगवलेली दारे, प्लायवूड जाळून राख शेतात टाकावी का?

अजिबात नको. हिरवट झाक असलेल्या जुन्या खांबांना तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे मिश्रण दिलेले असू शकते. जाळल्यावर काही आर्सेनिक धुरात जाते आणि उरलेले राखेत साचते. जुन्या रंगात शिसे असू शकते, प्लायवूड आणि एमडीएफमध्ये (लाकडाचा चुरा दाबून केलेल्या फळ्यांत) फॉर्मल्डिहाइडचे डिंक असतात. असे लाकूड भट्टीत, खतात, गादीत, कशातच नको. शक्य तोवर आहे त्या रूपात वापरा, पण भाजीच्या वाफ्याची कड म्हणून नव्हे. टाकायचेच झाले तर घातक कचरा घेणाऱ्या यंत्रणेकडे द्या. पॅलेटवर (माल ठेवायच्या लाकडी चौकटीवर) एचटी शिक्का असेल तर ते फक्त उष्णतेने निर्जंतुक केलेले असते. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी, ते बाजूला ठेवा.

स्वच्छ लाकडाची राख मात्र कामाची आहे. तिच्यात चुना आणि पालाश असते, नत्र नसते. आम्ल जमिनीत ती थोडी द्या. सामू (पीएच) ७ च्या वर असेल तर देऊच नका. युरिया किंवा अमोनियम सल्फेटमध्ये मिसळू नका, नत्र उडते. आणि राख पूर्ण विझली का, हे हात घालण्याआधी पाणी शिंपडून पाहा; आत निखारा दिवसभरही टिकतो.