मंडळाच्या नव्या सभासदास: आधी हद्द पायी फिरावी

पहिल्याच बैठकीत मोठी योजना मांडण्याचा मोह टाळून, ज्या जमिनींच्या रक्षणाची जबाबदारी मंडळाकडे आहे त्यांची करारपत्रे आणि मोजणीचे नकाशे आधी शांतपणे वाचावेत, असे मी आपणांस सुचवीन. मग नकाशा हातात घेऊन संपूर्ण हद्द पायी फिरावी, तीही शक्यतो पानगळीनंतर, कारण झाडोऱ्यात दडलेले हद्दीचे दगड तेव्हाच नजरेस पडतात. अतिक्रमण क्वचितच एकदम भिंतीच्या रूपाने येते. बहुधा ते शेजाऱ्याने कुंपणापलीकडे टाकलेल्या गवताच्या ढिगापासून सुरू होते, पुढे तिथे लाकडे रचली जातात आणि काही वर्षांनी छप्पर उभे राहते. म्हणून दरवर्षी ठरावीक जागेवरून, त्याच दिशेने छायाचित्र घेऊन ते तारखेसह दप्तरी ठेवावे. (मी सुरुवातीला स्मरणशक्तीवर विसंबलो आणि एका वादात निरुत्तर झालो.) ढीग दिसताच नोटीस धाडू नये, आधी शेजाऱ्याशी प्रत्यक्ष बोलावे, अनेकांना आपली हद्द कुठे संपते हेच ठाऊक नसते. मात्र स्वतःच्या किंवा नातलगांच्या जमिनीचा विषय निघाल्यास तसे इतिवृत्तात नोंदवून चर्चेतून आणि मतदानातून बाजूला व्हावे.