आधी लिही, मग खा

बाळा,

परवा तू विचारलंस, "मावशी, या वेट वॉचर्सच्या वजन उतरवायच्या पद्धतीत प्रत्येक खाण्याला पॉइंट असतात, मग नुसतं केळं शून्य पॉइंट आणि त्याच केळ्याचा शेक केला की मोजायचा, हे कसलं गणित?" घरात पाहुणे होते म्हणून नीट बोलता आलं नाही, पण तुझं उतरलेलं तोंड डोळ्यांपुढून जाईना म्हणून लिहितेय.

शून्य म्हणजे कॅलरी नाहीत असं नाही गं. केळं चावून खाताना माणूस एक-दोनवर थांबतो, प्यायला लागलं की तीन कधी पोटात गेली कळत नाही, म्हणून तो नियम. बाकी वेट वॉचर्सच्या जुन्या पॉइंटचा हिशोब सोपा होता, ५० कॅलरीला एक, १२ ग्रॅम फॅटला आणखी एक, फायबर असेल तर थोडे वजा. त्या हिशोबाने मोठा चमचाभर तेल साडेतीन पॉइंटला जातं! पुढे २०१५ ला साखर आणि सॅच्युरेटेड फॅट जास्त तसे पॉइंट जास्त, प्रोटीन असेल तर कमी, असं केलं.

पण तू गणितात अडकूच नकोस. काय खाणार ते आधी वहीत लिही, मग खा. आपलं सांगलीचं भडंग घे, चुरमुरे हलके म्हणून आपण मुठी भरतो, पण बोटं बघ, तेलाने चकाकतात, वर तळलेला लसूण, शेंगदाणे. वाटीत काढ, लिही, मग खा. टीव्हीपुढे पिशवीतून नको, शंभरदा सांगितलंय!

मी आठ महिने वही लिहिली, नऊ किलो उतरले. मग दिवाळीत चार दिवस करंज्या लिहायची लाज वाटली, म्हटलं पाडव्यानंतर लिहू, आणि वही कपाटात गेली ती गेलीच. वजन परत आलं. आता घरातले म्हणतात, तुझं तुला जमलं नाही, पोरीला काय शिकवतेस. अगं, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, रात्री दोन-दोनदा उठायचं, कोण लिहिणार होतं तेव्हा? पद्धत नव्हती चुकली, लिहिणं सुटलं होतं. करंज्या खाल्ल्या त्याचं मला काही नाही, लिहिल्या नाहीत त्याचं अजून लागतं.

आणि पॉइंट वाचवून रात्री उपाशी झोपतेस ते आधी बंद कर, रोजचे पॉइंट खायलाच दिलेत, आठवड्याचे वरचे सणावाराला असतात. रविवारी जेवायलाच ये, भाकरी आणि वांग्याचं भरीत करते, तेल तुझ्यासमोर चमच्याने मोजून घालते. वही आण. कोरी असली तरी आण.

तुझी मावशी