मुलगा चौथीत, शाळा सव्वा किलोमीटर, वाटेत कोल्हापूरचा मिरजकर तिकटी चौक : चालत पाठवावं का?

चालत जरूर पाठवा, पण तिकटी ओलांडताना मोठं माणूस सोबत हवंच. उरलेली वाट महिनाभराच्या सरावानं तो एकटा चालेल. सव्वा किलोमीटरला या वयाचं मूल वीस-पंचवीस मिनिटं घेतं, तेव्हा अंतराची अडचण नाहीच. खरी अडचण फूटपाथची. हातगाड्या, दुकानांचे बोर्ड, आडव्या लावलेल्या मोटारसायकली, त्यामुळं मूल रस्त्यावर उतरतं आणि उभ्या गाडीच्या आडून एकदम पुढं आलं की चालकाला दिसतच नाही. म्हणून एवढं घोटून घ्या:

- उभ्या गाडीच्या बाहेरच्या कडेशी थांबायचं. उजवीकडे, डावीकडे, परत उजवीकडे बघून मगच पाऊल टाकायचं.
- फूटपाथ नसेल तिथं रस्त्याच्या उजव्या कडेनं, समोरची वाहनं दिसतील असं चालायचं.

नऊ-दहा वर्षांपर्यंत मुलांना येणाऱ्या गाडीचा वेग नीट जोखता येत नाही, चौकात सोबत हवी ती त्यासाठीच. दप्तर मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांच्या आत, म्हणजे २५ किलोच्या मुलाला अडीच किलो. पावसाळ्यात मात्र छत्री नको, बाजूचं दिसत नाही. पिवळा किंवा केशरी रेनकोट द्या, आणि त्याची टोपी डोळ्यांवर येत नाही ना, ते घरीच मान वळवायला लावून बघा.