बंदी असलेल्या ॲपवर ठरलेला व्यवहार आणि बंद पडलेले यंत्र

प्रश्न : नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत माझे पत्रा कापून देण्याचे छोटे युनिट आहे. मी चीनमधील एका उत्पादकाकडून फायबर लेझर कटिंग मशीन १८ लाख रुपयांना मागवले. ३० टक्के आगाऊ, ६० टक्के माल निघण्यापूर्वी आणि १० टक्के मशीन बसवल्यानंतर, अशा अटी होत्या. सही-शिक्क्याचा प्रोफॉर्मा इन्व्हॉइस (माल पाठवण्यापूर्वीचे बिल) ईमेलवर आला, परंतु किती जाडीचा पत्रा कापला जाईल, वॉरंटीत काय मिळेल, ही सगळी बोलणी वीचॅट या चिनी संदेश ॲपवर झाली. आमचा खरेदी पाहणारा सहकारी ते ॲप व्हीपीएन (इंटरनेटवरील बंदी चुकवता येणारी सेवा) लावून आपल्या स्वतःच्या फोनवर वापरत असे. मशीन जानेवारी २०२५ मध्ये आले. १२ मिलिमीटरचा पत्रा ते सलग कापत नाही. दोन महिन्यांनंतर स्क्रीनवर रजिस्ट्रेशन कोड मागणारी चौकट आली आणि मशीन बंद पडले. कोड हवा असेल तर उरलेले १ लाख ८० हजार आधी पाठवा, असे पुरवठादार म्हणतो. तक्रार केली तेव्हा तो म्हणाला, की वीचॅटवर तुमच्या देशात बंदी आहे, त्यामुळे ते संवाद दाखवलेत तर तुम्हीच तुरुंगात जाल, आणि बंदीमुळेच आम्हाला सेवा देता आली नाही. व्यवहार जुळवणारा एजंट पुण्यात आहे. तो आता कानावर हात ठेवतो. सहकारी या महिनाअखेर नोकरी सोडत आहे. मी काय करावे?

उत्तर : पुरवठादाराने घातलेली तुरुंगाची भीती प्रथम मनातून काढून टाकावी. केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने २९ जून २०२० रोजी ज्या ५९ ॲप्सवर बंदी घातली, त्यांत वीचॅट होते आणि ती बंदी आजही कायम आहे. मात्र हा आदेश माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६९-अ खालचा आहे. या कलमाने सरकारला सेवा पुरवणाऱ्या मध्यस्थांना, म्हणजे इंटरनेट कंपन्या, ॲप स्टोअर आणि खुद्द ॲपचालक यांना, विशिष्ट मजकूर किंवा सेवा जनतेसाठी बंद करण्याचा आदेश देण्याचा अधिकार दिला आहे. त्यातील सात वर्षांपर्यंतच्या कारावासाची आणि दंडाची तरतूदही आदेश न पाळणाऱ्या मध्यस्थासाठी आहे. ज्याच्या फोनमध्ये ते ॲप आहे, त्या साध्या वापरकर्त्याला या कलमात शिक्षा सांगितलेली नाही.

व्हीपीएनचेही तसेच आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संगणक सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनी ग्राहकांच्या नोंदी पाच वर्षे जपण्याचे बंधन व्हीपीएन सेवा पुरवणाऱ्यांवर घातले. सर्वसामान्य वापरकर्त्याला व्हीपीएन वापरण्यास देशभर मनाई केलेली नाही. एखाद्या जिल्ह्यात दंडाधिकाऱ्यांनी मनाई आदेश काढून व्हीपीएनवर निर्बंध घातले, तर तो आदेश मोडणे भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा ठरतो. जम्मू-काश्मीरमधील काही जिल्ह्यांत असे आदेश निघालेले आहेत. तरीही आपल्या युनिटमध्ये हे ॲप यापुढे वापरू नये, असेच मी सांगेन. गुन्हा नसला तरी सरकारने सुरक्षेच्या कारणावरून बंद केलेल्या मार्गाने धंद्याचा पत्रव्यवहार करणे उद्या बँकेला, विमा कंपनीला किंवा मोठ्या ग्राहकाला समजावून सांगणे अवघड जाते.

याच संदर्भात आपण पत्रात न लिहिलेली एक गोष्ट मला विचारावीशी वाटते. मशीनची चाचणी घेण्यासाठी पुरवठादाराकडे कटिंगची ड्रॉइंग पाठवली होती का, आणि ती कोणाची होती? अंबड-सातपूरची अनेक युनिटे ओझरच्या विमान कारखान्याच्या पुरवठा साखळीत जॉबवर्क करतात आणि अशा ड्रॉइंगवर गोपनीयतेचा करार असतो. ड्रॉइंग ग्राहकाचे असेल तर तो करार मोडल्याचा दावा आपल्यावर येऊ शकतो, आणि संरक्षण खात्याशी संबंधित असेल तर शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ चा प्रश्न उभा राहतो. नोटीस पाठवण्यापूर्वी हे तपासून आपल्या वकिलांना खरे काय ते सांगावे, कारण संवाद न्यायालयात दाखल केले की त्यांतील प्रत्येक फाइल प्रतिपक्षासमोर आणि अभिलेखावर येते.

आता व्यवहाराकडे वळू. संवादाचे साधन बंदीखाली आहे म्हणून व्यवहार निरर्थक होत नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ चे कलम २३ कराराचा उद्देश आणि मोबदला कायदेशीर आहे की नाही, हे पाहते, आणि खासगी कारखान्यासाठी कटिंग मशीन विकत घेणे पूर्णपणे कायदेशीर आहे. जुलै २०२० मध्ये सीमेलगतच्या देशांतील पुरवठादारांवर जे निर्बंध आले, ते सरकारी खरेदीच्या निविदांसाठी आहेत. आपल्या खरेदीला ते लागू होत नाहीत. शिवाय प्रस्ताव आणि स्वीकृती इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाली एवढ्याच कारणावरून करार अमान्य करता येत नाही, असे माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम १०-अ सांगते.

बंदीमुळे सेवा देता आली नाही, हा बचाव करार अधिनियमाच्या कलम ५६ वर बेतलेला आहे. करार झाल्यानंतर त्याचे पालन अशक्य किंवा बेकायदेशीर झाले तर तो करार निरर्थक ठरतो, असे ते कलम म्हणते. आपला करार मात्र बंदी येऊन चार वर्षे लोटल्यावर झाला. बंदी ठाऊक असताना भारतातील ग्राहकाकडून पैसे घेणाऱ्याला, आमच्यावर अचानक संकट कोसळले, असे म्हणता येणार नाही. ज्यांचे करार जून २०२० पूर्वीचे होते, त्यांच्या बाबतीत हा मुद्दा निदान ऐकून घेण्याजोगा होता. त्यातही पालन अधिक खर्चाचे किंवा गैरसोयीचे झाले एवढ्याने कलम ५६ लागू होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या एनर्जी वॉचडॉग खटल्यात स्पष्ट केले आहे. प्रोफॉर्मा इन्व्हॉइस ज्या ईमेलवरून आला, त्याच ईमेलवरून रजिस्ट्रेशन कोडही पाठवता आला असता.

आपल्या प्रकरणातील खरी नड पुराव्याची आहे आणि ती या महिनाअखेरीपर्यंतच सोडवता येण्यासारखी आहे. पुरावा गैरमार्गाने मिळवलेला असला तरी तो संबद्ध आणि अस्सल असेल तर ग्राह्य धरता येतो, हे तत्त्व आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९७२ च्या निवाड्यापासून रूढ आहे. आपले संवाद तर गैरमार्गाने मिळवलेलेही नाहीत, ते आपल्याच दोन पक्षांतले आहेत. अडचण त्यांच्या स्वरूपाची आहे. जालना विधानसभा मतदारसंघातील २०१४ च्या निवडणुकीवरून उभ्या राहिलेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी सांगितले, की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत दाखल करायची असेल तर कायद्याने ठरवलेले प्रमाणपत्र अनिवार्य आहे. मूळ उपकरणच त्याच्या मालकाने साक्षीला उभे राहून हजर केले तर मात्र प्रमाणपत्राची गरज नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार या प्रमाणपत्राचे दोन भाग असतात. पहिला नोंद सादर करणाऱ्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो, आणि नोंदीत फेरफार झालेला नाही हे पडताळण्यासाठी तिचे हॅश मूल्य, म्हणजे फाइलवरून संगणकाने काढलेला खुणेचा आकडा, त्यात लिहावे लागते. केवळ स्क्रीनशॉट छापून नोटिशीला जोडले, की प्रतिपक्षाचे वकील पहिल्याच तारखेला त्यांच्यावर बोट ठेवतात.

म्हणून सहकाऱ्याचा फोन हा या दाव्यातील सर्वांत महत्त्वाचा दस्तऐवज समजावा. वीचॅटमधील जुने संवाद दुसऱ्या फोनवर खाते उघडल्याने आपोआप येत नाहीत; हँडसेट फॉरमॅट झाला किंवा एक्स्चेंजमध्ये गेला, की ते गेलेच. तो हँडसेट फर्मने रीतसर पावती करून विकत घ्यावा, पावतीवर आयएमईआय क्रमांक (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक) लिहावा, ॲप काढू नये, अपडेट करू नये आणि फोन फ्लाइट मोडवर ठेवून तज्ज्ञाकडून त्याची प्रत व हॅश मूल्य काढून घ्यावे. सहकाऱ्याने प्रमाणपत्राचा आपला भाग नोकरी सोडण्यापूर्वी सही करून द्यावा आणि हे खाते मीच वापरत होतो, बोलणी फर्मच्या वतीने केली, असे प्रतिज्ञापत्र नोटरीसमोर करावे. पुढे साक्षीलाही त्यालाच यावे लागेल, तेव्हा त्याच्याशी संबंध गोडीचे ठेवलेले बरे. आणखी एक तपशील बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. ॲपने आपोआप केलेले इंग्रजी भाषांतर हा मूळ मजकूर नव्हे. पुरवठादाराचे चिनी संदेश आणि आवाजी निरोप मूळ रूपात ठेवून, त्यांचे भाषांतर जाणकाराकडून त्याच्या प्रतिज्ञापत्रासह करून घ्यावे.

या संवादांचे वजन मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम १६ मुळे वाढते. खरेदीदाराने वस्तू कशासाठी हवी ते विक्रेत्याला कळवले असेल आणि तो विक्रेत्याच्या कौशल्यावर विसंबला असेल, तर वस्तू त्या कामास योग्य असलीच पाहिजे, ही अट करारात गृहीत धरली जाते. १२ मिलिमीटरचा पत्रा सलग कापायचा आहे, हे आपण लिहून विचारले आणि त्याने होकार दिला, एवढा एक संवाद सिद्ध झाला तरी पाया भक्कम होतो. मात्र यंत्र नाकारून पूर्ण पैसे परत मागण्याची वेळ बहुधा निघून गेली आहे. वाजवी काळात नकार न कळवता माल ठेवून घेतला तर कलम ४२ प्रमाणे तो स्वीकारला असे मानले जाते. सदोष आयात माल परत पाठवून सीमाशुल्काचा परतावा मागण्याची सीमाशुल्क अधिनियमाच्या कलम २६-अ मधील ३० दिवसांची मुदतही उलटली आहे. त्यामुळे नुकसानभरपाईची मागणी हाच व्यवहार्य मार्ग आहे. त्यासाठी मशीनची आजची स्थिती, स्क्रीनवरील ती चौकट आणि कापलेल्या पत्र्याचे नमुने यांचा पंचनामा एखाद्या चार्टर्ड इंजिनिअरकडून तारखेनिशी करून घ्यावा.

दावा कोणावर करायचा, या प्रश्नाचे उत्तर आपल्या पत्रातल्या एका ओझरत्या वाक्यात आहे. चिनी कंपनीवर नाशिकला हुकूमनामा मिळवता येईल, कारण माल इथे आला आणि पैसे इथून गेले. पण समन्स परदेशात बजावण्यासाठीच्या हेग कराराच्या मार्गाने बजावण्यात कित्येक महिने जातील आणि तो हुकूमनामा चीनमध्ये नेऊन वसुली करणे व्यवहारात जवळजवळ अशक्य आहे. लवादाचा निवाडा तुलनेने सोपा, कारण परदेशी लवादाचे निवाडे अमलात आणण्यासाठीच्या १९५८ च्या न्यूयॉर्क करारात दोन्ही देश आहेत. परंतु आपल्या इन्व्हॉइसमध्ये लवादाचे कलम नाही आणि भांडण झाल्यावर पुरवठादार त्याला संमती देईल अशी आशा धरण्यात अर्थ नाही. राहतो पुण्याचा एजंट. एजंट सहसा आपल्या मालकाने केलेल्या करारास जबाबदार नसतो. पण परदेशी व्यापाऱ्यासाठी मालाची विक्री किंवा खरेदी करणारा करार एजंटने केला असेल, तर तो स्वतः बांधील आहे असे करार अधिनियमाचे कलम २३० गृहीत धरते. हे गृहीतक पुराव्याने खोडता येते. म्हणून इन्व्हॉइसवर त्याचा शिक्का आहे का, डेमो कोणी दाखवला, दर कोणी ठरवला, वॉरंटीचा शब्द कोणी दिला, याचे कागद आणि त्याच्याशी झालेले व्हॉट्सॲप संवाद आजच बाजूला काढावेत. तो केवळ ओळख करून देणारा दलाल निघाला तर हा मार्ग बराच अरुंद होतो.

एजंट आणि उत्पादक या दोघांनाही स्पीड पोस्टाने आणि ईमेलने नोटीस द्यावी. मागणी तीन लाख रुपये किंवा त्याहून अधिक असेल तर हा वाणिज्यिक वाद ठरतो. तातडीचा अंतरिम आदेश नको असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व मध्यस्थीसाठी आधी अर्ज करावा लागतो; तो टाळून दाखल केलेला दावा फेटाळला जातो, असे पाटील ऑटोमेशन खटल्यात २०२२ मध्ये ठरले. दाव्याची मुदत करारभंगापासून तीन वर्षांची आहे आणि नोटीस दिल्याने ती थांबत नाही. 'पाहतो, करतो' म्हणून वेळ मारून नेणाऱ्या एजंटशी बोलताना हे विसरू नये.

उरलेल्या १ लाख ८० हजारांचे काय? मालविक्री अधिनियमाच्या कलम ५९ नुसार वॉरंटीभंगाची भरपाई किमतीतून वळती करून घेता येते, तेव्हा ती रक्कम रोखून धरण्यास आपल्याला आधार आहे, पण रोखण्याचे कारण ईमेलवर लेखी कळवलेले हवे. ठरावीक वेळेनंतर मशीन बंद पाडणारा, न सांगता ठेवलेला कोड हा संगणकाचा अधिकृत वापर अडवण्याचा प्रकार आहे, असा युक्तिवाद माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ४३ खाली राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे भरपाईसाठी करता येतो, आणि संगणक भारतात असल्यामुळे कलम ७५ प्रमाणे परदेशातून केलेले कृत्यही त्या कायद्याच्या कक्षेत येते. मशीनच्या कंट्रोलरला हा युक्तिवाद लागू पडेल असे माझे मत आहे, मात्र केवळ त्यावर भिस्त ठेवू नये. ऑर्डरी खोळंबल्यामुळे कोडसाठी पैसे भरणे भागच असेल, तर ते बँकेतूनच पाठवावेत आणि पाठवण्यापूर्वी 'हक्क राखून, निषेधासह' असे ईमेलवर स्पष्ट लिहावे. कोड आला की मशीन लगेच जॉबवर लावू नये. १२ मिलिमीटरची चाचणी त्याच इंजिनिअरसमोर पुन्हा घ्यावी.